आस

दर महिन्याला चियातुराहून एक पाकीट यायचं,
कडेला ग्रीसच्या बोटांचे ठसे,
आत चौकटीच्या वहीची चार पानं.
पाठवणार: बोन्दो मखाताद्झे,
रोपवेवरचा विंचवाला, रात्रपाळी.

तिबिलिसीच्या संस्थेत मी तेव्हा
धातूचे तुकडे आरशासारखे घासायची
आणि उरलेल्या वेळात
वेड्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायची.
उत्तर साहेबांनी छापूनच ठेवलं होतं:
‘आपली कल्पना उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात बसत नाही.’
मी फक्त नाव भरायचं.

पण हा बाबा फुकटची ऊर्जा मागत नव्हता.
हा विचारायचा,

तीनशे फेऱ्यांना बेअरिंग तापतं,
नऊशेला निवतं.
तेल तेच, हात तोच. असं का?

तिकोनी रोटरच्या टोकांना पट्टी कशाची लावू?
बिडाची चार तासांत झिजली.
ब्राँझची रुसून बसली, खोबणीतून हलेचना.
ट्रॉलीबसचा कार्बन चोरून आणला,
तो टिकला,
पण इंजिन खोकलं की त्याचा भुगा.

पोलाद थकतं असं पुस्तकात आहे.
मग रविवारी त्याला बरं वाटतं का?
(आमचा दोर रविवारी बंद.
सोमवारी सकाळी तो वेगळा वाजतो. मी ऐकलंय.)

आमच्याकडे ब्झाचं झाड होतं, पाण्यात बुडतं त्याचं लाकूड.
वसंतात लोक डहाळ्या चर्चमध्ये नेतात.
मी त्याचं बेअरिंग कातलं.
आठ महिने नुसत्या पाण्यावर चालतंय.
तुमच्या तक्त्यात हे कुठल्या ओळीत येतं?

कुठल्याच नाही.
मी दोन दुपारी तक्ते चाळले,
नंतर ते पान दराजात ठेवलं
आणि छापील कागद परत गठ्ठ्यात.

मग एकोणिसावा प्रश्न.

‘चाक हळू असतं तेव्हा गुणी असतं.
वेग वाढवला की एका जागी
सगळं टेबल थरथरतं, खिळे उड्या मारतात,
बायको कढई टाकून धावत येते.
मी तिथेच बंद करतो. अकरा वर्षं तिथेच बंद करतोय.
त्याच्या पुढे काय असतं?’

याचं उत्तर मी हातानं लिहिलं.
लिहिलं, की तिथे थांबू नका, रेंगाळू नका,
झटकन ओलांडा.
पलीकडे चाक तुम्ही दिलेला मध्य सोडतं,
स्वतःच्या वजनाचा मध्य शोधतं
आणि शांत होतं.
खाली पुन्हा लिहिलं: भिंतीआड उभे राहा.
पाकीट पेटीत टाकलं
आणि हात आत घालून परत काढता येतं का, पाहिलं.

पुढच्या महिन्यात काही आलं नाही.
त्याच्या पुढच्याही.
मी वर्तमानपत्रातल्या चौकटी वाचू लागले,
आतल्या पानावरच्या, दोन ओळींच्या.
मग वीज गेली, आधी संध्याकाळी, मग दिवसभर.
घासायचं यंत्र थांबलं.
साहेब केरोसिन विकू लागले.
पावाच्या रांगेत मी रात्री तीनला उभी राहायचे
आणि मनात एक चाक फुटायचं,
रोज वेगळ्या बाजूला.

मार्चमध्ये पाकीट आलं.
तिकीट मोडलेल्या देशाचं, उघडलेलं, पुन्हा चिकटवलेलं.
आत लाकडाचं एक कडं,
आतून चकचकीत, माझ्या नमुन्यांहून जास्त.
आणि एकच पान:

‘ओलांडलं.
बाई, तुम्ही म्हणालात तसंच. इतकं गप्प झालं
की मला वाटलं थांबलंच, हात लावणार होतो.
गल्लीत दोन दिवे लागतात त्यावर आता.

प्रश्न वीस.
बंद करताना चाक परत त्याच वेगातून खाली येतं,
आणि उतरताना घाई करता येत नाही.
तेव्हा काय करायचं?’

कडं माझ्या मनगटात बसत नाही.
टेबलावर आहे.
कधी उभं करून फिरवते,
ते आडवं पडायच्या आधी
थोडं थरथरतं.